हातचा एक

दिगंबर बडगुजर कोणत्याही विनोदाला निम्मेच हसतात. उरलेले निम्मे हसणे ते राखून ठेवतात आणि पुढे एखाद्या कोरड्या दिवशी, विनोद नसताना, हसून टाकतात.

हे मी ऐकीव लिहीत नाही. गेल्या वैशाखात इच्छापूरला जाण्यासाठी आम्ही दोघे बसस्टँडवर उभे होतो. बस येत नव्हती. ऊन असे, की बाकाला हात लावणे शक्य नव्हते. तीस-चाळीस माणसे तोंडे आंबट करून रस्त्याकडे पाहत होती. अशात बडगुजर एकाएकी हसले. दोनदा, तुटक. शेजारच्या बाईने आपली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ती चार पावले लांब जाऊन उभी राहिली.

"काय झाले?" मी विचारले.

"काही नाही, मास्तर. होळीला तुम्ही तो कंपासपेटीचा किस्सा सांगितला होता ना? त्यातलं थोडं शिल्लक होतं. आज कामास आलं."

मी गणिताचा शिक्षक होतो. विनोद सांगण्याची मला सवय नाही. तो एकच सांगितला होता, आणि त्या दिवशी बडगुजर सोडून बाकीचे पोटभर हसले होते. बडगुजर निम्म्यावर थांबले म्हणून मी त्यांच्यावर रागावलो होतो. तो राग मी बसस्टँडवर मागे घेतला.

बडगुजर आयुर्विम्याचे एजंट. चाळीस वर्षे एकच कंपनी, एकच स्कूटर. बुऱ्हाणपुरात त्यांना बोनसभाऊ म्हणतात. लूमवाले, केळीवाले, शाळामास्तर, सर्वांच्या कपाटात त्यांनी दिलेल्या पॉलिस्या आहेत. माझ्याही होती. पार डोईफोडिया गावापर्यंत त्यांची स्कूटर जाई, आणि ती ताशी तीसच्या वेगाने जाई. चढावर तीस, उतारावर तीस. उतारावर ते ब्रेक दाबून धरत आणि मागे बसलेल्याला सांगत, "हातचा धरला. चढाला लागेल." यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे विधान निरर्थक आहे. मी ते त्यांना एकदा सप्रमाण समजावून दिले. त्यांनी निम्मे ऐकले.

हातचा हा त्यांचा शब्द. आठ आणि सात पंधरा. पाच मांडले, हातचा एक. मी कित्येक वर्षे मुलांना हे शिकवले. परंतु हातचा पुढच्या रकान्यात मिळवून मोकळे व्हायचे असते. बडगुजर मोकळे होत नाहीत. कोणी मावा जिलेबी आणली तर ते एक तुकडा खाऊन बाकीची झाकून ठेवतात. पाचव्या दिवसाची मावा जिलेबी मी त्यांच्या घरी खाल्ली आहे. ती दातांशी वाद घालते.

"हातचा मिळवायचा असतो, बडगुजर. बाळगायचा नसतो."

"मास्तर, तुमच्या वहीत पुढचा रकाना आखलेला असतो. आमच्या धंद्यात आखलेला नसतो. तो कधी येईल, कोणाला ठाऊक?"

या एका शब्दावर त्यांनी चाळीस वर्षे धंदा केला. त्यांच्या गिऱ्हाइकांत प्रल्हादशेठ नावाचे केळीचे व्यापारी होते. केळीचा भाव सकाळी एक आणि दुपारी एक, त्यामुळे स्थिर असलेली कोणतीही गोष्ट शेठना संशयास्पद वाटे. चांगल्या वर्षांत शेअरबाजार वर चढला, की ते वर्तमानपत्र नाचवत बडगुजरांच्या ओट्यावर येत.

"बोनसभाऊ, दुनिया कहां की कहां गई! अन तुमची कंपनी बोनस काय देऊन राहिली? मागच्या साली हजारी जेवढे, औंदाही हजारी तेवढेच! कंपनी झोपून राहिली का?"

 एकदा बडगुजरांनी शेठना स्कूटरवर मागे बसवले आणि ताशी तीसच्या वेगाने कुंडी भंडाऱ्यावर नेले. मीही ऑटोने गेलो, कारण असे काही घडत असताना हजर असावे असे माझे मत आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणणारी ती जुनी सोय बुऱ्हाणपुरात सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी पाहायला जात नाही. खाली उतरल्यावर बडगुजरांनी पाण्याकडे बोट दाखवले.

"शेठ, ह्या पाण्याला ठाऊक आहे का, वर औंदा पाऊस किती पडला?"

"त्याला काय ठाऊक?"

"श्रावणात धो धो पडलं, तरी इथं एवढंच. जेठात वर ठणठणाट, तरी इथं एवढंच. मधल्या मातीनं धरून ठेवलं म्हणून. कंपनी म्हणजे ही माती. बाजार चढला त्या साली सगळं वाटत नाही, हातचा धरते. बाजार पडला, की त्यातून घालते. तुमच्या ओंजळीत धार तेवढीच."

शेठ ओंजळ भरून पाणी प्यायले. मग म्हणाले, "पण भाऊ, श्रावणात थोडं जास्त सोडलं तर काय बिघडलं?"

"मग जेठात तुम्ही काय पिणार? केळी?"

शेठ हसले. बडगुजर निम्मे हसले.

पुढे खरोखरच जेठ आला. व्याजाचे दर उतरू लागले. मुदत संपलेल्या ठेवी बँकेत पुन्हा ठेवायला गेलेली माणसे कमी व्याजाची पावती घेऊन परत येऊ लागली. कंपनीचा बोनस मात्र पहिल्या वर्षी होता तेवढाच राहिला. दुसऱ्या वर्षीही राहिला. बडगुजर सांगत, की कंपनीने पूर्वी चढ्या व्याजाने घेतलेले रोखे अजून चालू आहेत. ते एकेक करून संपतील आणि नवे कमी व्याजाचे येतील, म्हणजे मिळकत एकदम पडणार नाही, उतरत जाईल. त्यात राखलेले आहेच. "ओट्यावरून म्हातारा उतरतो ना मास्तर, तशी कंपनी उतरते. एक पाय, मग थांबायचं, मग दुसरा." हे सांगताना ते माझ्या पायांकडे पाहत, ते मला आवडत नसे.

तिसऱ्या वर्षी बोनस हजारी, म्हणजे विम्याच्या दर हजार रुपयांमागे, एक रुपया कमी झाला.

एक रुपया. त्या दिवशी बडगुजरांनी स्कूटर काढली आणि भर उन्हात घरोघर जाऊन ती बातमी स्वतःच्या तोंडाने सांगितली. मोबाइलवर कंपनीचा निरोप सर्वांना जाणारच होता. तो पोहोचण्याआधी आपण पोहोचले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आठ दिवस ते फिरत होते. प्रल्हादशेठ ओरडले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "शेठ, बँकेत किती घटलं? तिथं ओरडले होते का?" शेठ म्हणाले, "तिथं ओरडलो तर ऐकणारा कोण आहे? तुम्ही घरचे." बडगुजरांनी यावर डोके हलवले आणि ते पुढच्या घरी गेले. चांगल्या वर्षीही त्यांचा चेहरा असाच होता. त्यांचा चेहरा वर्षानुवर्षे हजारी तेवढाच आहे.

इथवर सर्व ठीक होते. अडचण स्वयंपाकघरात होती.

बडगुजरांच्या पत्नी सुमनवहिनी. यांच्या हातच्या भरताची कीर्ती आमच्या गल्लीबाहेर गेलेली आहे. वरणबट्टी त्या करतात तेव्हा शेजारचे लोक काहीतरी मागायच्या निमित्ताने येतात. माझी पत्नी गेल्यापासून दर गुरुवारी रात्रीचे जेवण मी त्यांच्याकडे जेवतो. त्यांनी एकदा सांगितले, मी नाही म्हणालो नाही, आणि पुढे त्याविषयी बोलणे झाले नाही.

ताट वाढून झाले, की वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहत आणि नवऱ्याला विचारत, "कसं झालं?"

"ठीक," बडगुजर म्हणत.

भरीत असो, शेवभाजी असो, पुरणपोळी असो. ठीक. मुलीच्या लग्नात वहिनींनी स्वतः उभे राहून रव्या-तुपाचा दराबा करवून घेतला, सारे वऱ्हाड बोटे चाटत होते. बडगुजर म्हणाले, ठीक. वहिनींना आयुष्यात दुसरे काही मागायचे नव्हते. त्यांना नवऱ्याच्या तोंडून एकदा 'छान' ऐकायचे होते.

"मास्तर, हा माणूस जेवतो का रजिस्टर भरतो?" त्या मला विचारत. "माझ्या हातचं खातात अन स्वतःचा हातचा सांभाळतात! शेजारची कुसुम पापड भाजते तर तिचा नवरा 'वा वा' करतो. पापड! मी इथं वरणबट्टी करून राहिली, तर ठीक!"

"तुम्ही मीठ जास्त घालून पाहा," मी एकदा सुचवले. प्रयोगाने निष्कर्ष काढावा, ही माझी जुनी शिस्त आहे.

पुढच्या गुरुवारी वहिनींनी डाळीत दुप्पट मीठ घातले. मला आधी डोळ्याने खूण केली, म्हणून मी डाळ घेतली नाही. बडगुजरांनी वाटी संपवली, पाणी प्यायले, आणखी पाणी प्यायले.

"कसं झालं?"

"ठीक."

वहिनी पदर तोंडाला लावून खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाणी सगळे हसण्याचेच होते, असे मी खात्रीने सांगू शकत नाही.

त्या दिवशी ओट्यावर मी बडगुजरांना सरळ विचारले. ज्या पेपराला पैकीच्या पैकी द्यायचे त्याला मी दिलेले आहेत. थोड्यांना दिले, पण दिले. एक शब्द बोलायला तुमचे काय जाते?

त्यांनी थोडा विचार केला. "मास्तर, जाहीर झालेला बोनस परत घेता येत नाही. आज 'छान' म्हटलं आणि उद्या 'ठीक' म्हटलं, तर उद्याचं 'ठीक' राहत नाही. ती म्हणेल, घसरलं. रोज सैपाक करणाऱ्या बाईचा एखादा दिवस येतो तसा. अंग दुखतं, मन नसतं. त्या दिवशी तिनं माझा चेहरा काहून पाहावा?"

"मग राखलेल्याचे काय होणार?"

"शेवटी अंतिम बोनस असतो ना. पॉलिसी पूर्ण झाली, की राखलेल्यातला ज्याचा त्याचा वाटा देतात. तिचाही निघेल."

मी म्हणालो, की हा हिशेब बरोबर असेल, पण मूर्खपणाचा आहे. ते निम्मे हसले.

यंदाच्या थंडीत एका गुरुवारी वरणात मीठ नव्हते.

मला वाटले, नवा प्रयोग असेल. मी वहिनींकडे पाहिले. त्यांनी खूण केली नाही. त्या नेहमीसारख्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"कसं झालं?"

"ठीक," बडगुजर म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे केली. "वाढ अजून थोडं."

पुढच्या गुरुवारी भरतात गूळ होता. भरतात गूळ घालत नाहीत. मी घास खाली ठेवला. उत्तरपत्रिकेतली चूक दिसली आणि मी ती सोडून दिली, असे माझ्या हातून कधी झालेले नाही. मी तोंड उघडले. वहिनी भाकरी आणायला आत वळल्या होत्या. बडगुजर हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, जेवा."

मी जेवलो.

जेवणानंतर त्यांनी मला आतल्या खोलीत नेले आणि कपाट उघडले. कंपनी एजंटांना दर वर्षी एक डायरी देते. त्या चाळीस डायऱ्या तिथे ओळीने होत्या. मला वाटले होते, त्यांत गिऱ्हाइकांचे हप्ते असतील. त्यांनी मधली एक काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक पानावर तीन रकाने आखले होते. खरे. जाहीर. हातचा.

'भरीत. छान. जाहीर ठीक. हातचा एक.' 'कळण्याची भाकरी. फार छान. जाहीर ठीक. हातचा दोन.' पानामागून पान. छान हा शब्द मी एका माणसाच्या अक्षरात इतक्या वेळा लिहिलेला कधी पाहिला नाही. मिठाचा प्रयोग झाला त्या वर्षीच्या डायरीत ते पानही मला सापडले. 'डाळ. मीठ दुप्पट, मुद्दाम, मास्तरांची फूस. जाहीर ठीक. ती पुष्कळ हसली. हातचा तीन.'

यंदाच्या डायरीत गेल्या पावसाळ्यापासून शेवटचा रकाना उलटा झाला होता. 'मीठ नाही. जाहीर ठीक. हातच्यातून एक.' 'साखर दोनदा. जाहीर ठीक. हातच्यातून दोन.'

"तिला जळगावला डॉक्टरांना दाखवलं," बडगुजर म्हणाले. "विसरणं वाढत जाईल म्हणतात. तिला सांगितलंय. डॉक्टरपुढं एकच बोलली. म्हणाली, सैपाक काढून घेऊ नका माझ्याकडून. बाकी जे विसरायचं ते मी विसरते. सैपाक गेला तर मी या घरात पाव्हणी."

गेल्या पावसाळ्यापासून बडगुजर वर्तमानपत्र स्वयंपाकघरात बसून वाचतात. पंख्याची वीज वाचवायला तिथे बसतात, असे मी समजत होतो आणि चार लोकांना तसे सांगितलेही होते. ते गॅसच्या बटणावर लक्ष ठेवून असत.

"मिठाचं ठाऊक आहे का त्यांना?"

"नाही. स्वतः जेवताना आता तिचं चवीकडं लक्ष नसतं. चव विचारायची ती माझ्याकडून. मी सांगतो, ठीक."

मी डायरी मिटली. "एवढे जमले आहे. आता तरी 'छान' म्हणून टाका."

"आता?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे मी वर्गातल्या मंद मुलाकडे पाहत असे. "चाळीस वर्षं ठीक, आणि आज एकदम छान? ती लगेच विचारेल, काय झालं म्हणून. वाटी घेऊन चाखून पाहील. घाबरेल, मास्तर. आता तर धार तेवढीच पाहिजे."

"आणि तुमचा अंतिम बोनस?"

"तो पॉलिसी संपल्यावर. चालू आहे अजून."

असे म्हणून त्यांनी डायऱ्या दोन पिशव्यांत भरल्या आणि पिशव्या माझ्या हातात दिल्या. "तेवढी बेरीज तपासून द्या. आधी दिवसाला एक जात होता. आता दोन-तीन जाऊन राहिले. पुरेल ना, तेवढं पाहा."

मला पाच दिवस लागले. यंत्र वापरले नाही. बडगुजरांच्या बेरजा स्वच्छ होत्या, ते मी मान्य करतो. परंतु एका जुन्या वर्षाच्या अखेरीस, दशकस्थानाची बेरीज करून शतकस्थानाकडे जाताना, या गृहस्थांनी हातचा मिळवलाच नव्हता. जन्मभर ज्याने दुसरा शब्द उच्चारला नाही, तो तोच विसरला होता. मी लाल शाईने तिथे एक मांडला आणि पुढच्या सर्व वर्षांचे आकडे दुरुस्त केले. एकूण शंभर वाढले. दिवसाला तीन धरले तर महिन्याहून थोडे अधिक पुरतील.

माझ्या घरीही असा एक रकाना होता. तिथे मी काहीच मांडले नाही. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

गुरुवारी मी पिशव्या परत नेल्या आणि लाल आकडा दाखवला. "तुमचा हातचा राहून गेला होता. शंभर जास्त आहेत."

बडगुजरांनी चष्मा लावून तो आकडा तीनदा पाहिला. "शंभर," ते म्हणाले. "शंभर म्हणजे पुष्कळ झाले, मास्तर."

वहिनींनी ताटे वाढली. वरणबट्टी होती. पहिला घास घेतला आणि मला कळले, की वरणात मिठाऐवजी साखर पडली आहे. बडगुजर शांतपणे बट्टी कुस्करत होते. वहिनी चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, पण या वेळी त्यांनी नवऱ्याला विचारले नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"ह्यांचं सोडा. मास्तर, तुम्ही कोणाची भीड धरत नाही. तुम्ही सांगा, कसं झालं?"

बडगुजरांचा हात ताटात थांबला. गॅसवर दूध तापत होते. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कोणाला एक गुण वाढवून दिलेला नाही. हे वहिनींना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी मला विचारले होते.

मी तोंडातला घास गिळला.

"ठीक," मी म्हणालो.

"घ्या!" वहिनींनी कपाळावर हात मारला. "एक होता, आता दोन झाले! ह्या घरात माणूस जेवून जाईल, पण छान म्हणणार नाही." आणि त्या दूध उतरवायला वळल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती, तरी त्या खुशीत आहेत हे दिसत होते.

मी वाटी पुढे केली आणि आणखी वरण मागितले.

तेव्हा बडगुजर हसले. निम्म्यावर थांबले नाहीत. खांदे हलेपर्यंत, ठसका लागेपर्यंत, पुरते हसले. विनोद कोणी केलेला नव्हता.